झोनिंगचे नियम: सगळे नव्याने लिहायचे की हवे तेवढेच बदलायचे?
झोनिंग म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता किंवा चालवता येईल हे ठरवणं. गावाच्या कमिटीत हाच वाद अडकलाय, काय करावं असं एकाने विचारलं, म्हणून लिहितोय. खर्च बघाल तर दुरुस्ती स्वस्त, कारण नव्याने म्हणजे सर्व्हे, नकाशे, सुनावण्या, शिवाय बाहेरचा प्लॅनर, छोट्या गावात पगारी प्लॅनर बहुतेक नसतोच. वेळही तसाच, दुरुस्ती काही महिन्यांत उरकते, नव्या आराखड्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

टिकण्याच्या बाबतीत मात्र गणित उलटतं. समजा दुरुस्ती करून शेतीच्या झोनमध्ये सोलर प्रकल्पाला परवानगी दिली, पण नियमांतल्या व्याख्यांमध्ये तो शब्दच नाही, हद्दीपासून किती अंतर सोडायचं तेही नाही, मग प्रत्येक अर्जावर नवं भांडण. न्यूयॉर्कनेही १९१६चे नियम ठिगळं लावत चालवले, शेवटी १९६१ला नव्याने लिहावेच लागले (शहर मोठं, पण दुखणं तेच). आणि शहराचा मसुदा कॉपी करू नका, एवढ्याशा दुकानाला मॉलएवढं पार्किंग मागत बसाल.

एखाद-दोनच अडचणी असतील तर दुरुस्ती बास. नकाशा आणि नियम जुळत नसतील, सारखे अपवाद द्यावे लागत असतील तर नव्याने लिहा. पैसे कमी असतील तर आधी व्याख्या आणि नकाशा घ्या, बाकी टप्प्याटप्प्याने.