काजळलेला कडीपाट आणि कोरड्या बर्फाची सफाई

गेल्या वैशाखात अमळनेरच्या आमच्या जुन्या घरात शॉर्टसर्किट होऊन स्वयंपाकघराला आग लागली. ती लवकर विझली, पण माजघराच्या सागवानी कडीपाटावर चिकट काजळीचा थर बसला. पाण्याने धुवावे तर भिंती पांढऱ्या मातीच्या, आणि वाळूचा मारा करावा तर तुळईवरची नक्षी झिजण्याची भीती; म्हणून कोरड्या बर्फाने सफाई करणाऱ्यांना बाहेरगावाहून बोलावले.

कोरडा बर्फ म्हणजे उणे ७८.५ अंश सेल्सिअसचा घनरूप कार्बन डायऑक्साइड. त्याचे तांदळाएवढे दाणे दाबाच्या हवेबरोबर लाकडावर आदळतात, थंडीने काजळी ठिसूळ होऊन सुटते आणि बर्फाचे पाणी न होता थेट वायू होतो, त्यामुळे ओल राहत नाही. सुटलेली काजळी मात्र घरभर उडते. शेजारची खोली प्लास्टिकने झाकायला ते विसरले आणि आम्हाला दोन दिवस भांडी घासावी लागली.

तुळईचे काम मी जवळ उभा राहून पाहिले. नळी वीतभर सरकली की आधी लाकडाचा तांबूस रंग, मग त्याच्या रेषा आणि शेवटी जुन्या सुताराच्या वाकसाच्या खुणा दिसू लागत; कमळाच्या पाकळ्यांमधल्या खाचाही स्वच्छ झाल्या. हे पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आले. जिथे लाकडाचा कोळसा झाला होता, तिथे खड्डा उरला; ते काम सुताराचेच. मातीच्या भिंतीवर नळी धरायला मात्र कारागिराने स्पष्ट नकार दिला, कारण गिलावाच उडाला असता, आणि या प्रामाणिकपणाबद्दल मला त्याचा मनापासून आदर वाटतो.

तक्रार आहे ती हिशोबाची. गाडी भर दुपारी आली, खान्देशच्या उन्हात पेट्यांतला बराचसा बर्फ वाटेतच उडून गेला होता, तरी बिल पूर्ण वजनाचे लावले. दर किलोवर न ठरवता साफ होणाऱ्या चौरस फुटांवर ठरवावा आणि काम शक्यतो हिवाळ्यात घ्यावे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने सखल जागी साचून गुदमरायला होऊ शकते, म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवून तळघराच्या तोंडाशी पंखा लावून घ्यावा. यंत्राचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो. धुराचा वास पुष्कळ कमी झाला, पण कोठीच्या खोलीत तो अजून येतो.

३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी ज्यांच्या घरांत शिरले, त्यांतल्या एका नातेवाइकांनी हा उपाय पुराच्या गाळावर चालेल का, असे विचारले. ओल्या गाळाला साधे पाणी आणि खराटाच हवा. घर पूर्ण वाळल्यावर चौकटींवर धरलेली बुरशी काढायला मात्र हे यंत्र जरूर बोलवावे.