हात पुढे आला की: पैसे, वस्तू, संस्था की नुसता शब्द?

भीक मागणारा हात समोर आला की काय द्यायचं ते ठरवायला दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात आपण बहुतेक वेळा मोबाइलमध्ये डोकं घालतो, नाहीतर खिशात नाणी खुळखुळत असताना 'सुटे नाहीत' म्हणून मोकळे होतो. हे घरी बसून आधीच ठरवलेलं बरं.

रोख पैसे द्यायचे म्हटलं की पहिली शंका दारूची. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये बेघर झालेल्या ५० जणांना प्रत्येकी ७,५०० कॅनेडियन डॉलर एकरकमी आणि बिनशर्त दिले गेले. या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली छापून आले. पैसे न मिळालेल्यांच्या तुलनेत या लोकांचा दारू-सिगारेटवरचा खर्च वाढला नव्हता, आणि बेघर अवस्थेतले दिवस वर्षभरात सरासरी ९९ नी कमी झाले होते. अर्थात गंभीर व्यसन असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं, आणि ती रक्कम म्हणजे काही चिल्लर नव्हे. तरीही 'हातात पैसा पडला की उडवणारच' हे गृहीत धरायला आधार कमी आहे. शिवाय रोख पैशाने औषधही येतं, बसचं तिकीटही.

वस्तू दिली की देणाऱ्याला समाधान जास्त, घेणाऱ्याची सोय कमी. एकदा मी एका आजोबांना न विचारता खायला घेऊन दिलं. त्यांनी पुडा उलटसुलट करून पाहिला आणि हसून तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता. तेव्हापासून मी आधी विचारते, 'काय आणू?'

लहान मूल असेल तर मात्र माझं मत पक्कं आहे: पैसे नाहीत. ते मोठ्या कुणाच्या तरी हातात जाण्याची शक्यता असते, आणि मूल जितकं जास्त कमावतं तितकं त्याला शाळेत धाडणं महाग पडतं. तिथेच खाता येईल असं काही द्यावं. मूल एकटं किंवा घाबरलेलं दिसलं तर बालमदत हेल्पलाइनला फोन करावा.

निवारा, व्यसनमुक्ती, हरवलेली कागदपत्रं ही कामं सुट्या पैशांनी होत नाहीत. त्यासाठी संस्थाच हवी. दर महिन्याला ठरावीक देणगी सर्वांत उपयोगी. पण 'मी संस्थेला देतो' हे समोरच्याच्या आत्ताच्या भुकेला उत्तर नव्हे, म्हणून मी हा पर्याय 'ऐवजी' न धरता 'शिवाय' धरते.

आणि नकार? तोही चालतो. नजरेला नजर देऊन 'आज नाही जमणार' एवढं पुरे. 'धडधाकट आहेस, काम कर' हे नको. ज्याला पत्ता नाही, आंघोळीची सोय नाही, त्याला कामावर कोण ठेवतं?

माझ्यापुरतं सांगायचं तर पर्सचा बाहेरचा कप्पा यासाठीच ठेवलाय. महिन्याच्या सुरुवातीला त्यात ठरलेल्या नोटा टाकते. मोठी माणसं मागतील तशा देते, चौकशी करत नाही. कप्पा रिकामा झाला की तसं सरळ सांगते.