भात्यापासून गांधारापर्यंत : म्हार्दोळजवळच्या एका पेटी-कारागिराच्या कामाविषयी

गोव्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो, ही माहिती जितकी शेतकऱ्याच्या कामाची, तितकीच पेटी म्हणजे हार्मोनियम वाजवणाऱ्याच्याही. लाकूड, चामडे, सरस, कापड आणि पितळ यांच्या जुळणीतून पेटी उभी राहते आणि दमट हवेत यातली प्रत्येक वस्तू आपापल्या परीने बिघडते. लाकूड फुगले की दाबलेली पट्टी वर येत नाही, सरस सुटला की भात्याचे, म्हणजे पेटीला हवा पुरवणाऱ्या घडीचे, कोपरे उघडे पडतात, पितळेच्या रीडवर, म्हणजे हवेने कंप पावून स्वर देणाऱ्या जिभेवर, हिरवट कीट चढला की स्वर उशिरा बोलतो आणि बोलला तरी घोगरा बोलतो. माझ्या सागवानी, खर्ज-नर (खालचा आणि मधला) अशा दुहेरी सुरांच्या जुन्या पेटीत ही सगळी दुखणी एकदमच होती. ती दूर करणाऱ्या, म्हार्दोळजवळ राहणाऱ्या एका कारागिराच्या कामाचे हे परीक्षण आहे. भजनाच्या चाली मी पेटीवरच बांधतो, त्यामुळे या दुरुस्तीने माझ्या संगीतात काय बदलले हेही त्यातच लिहावे लागेल.

कारागिराचे नाव येथे देत नाही, कारण त्यांनीच तशी विनंती केली आहे. घराच्या पडवीत चालणाऱ्या या कामाला पाटी नाही आणि एका वेळी दोन-तीन पेट्यांपेक्षा जास्त काम ते घेत नाहीत. फोंडा तालुक्यातल्या भजनी मंडळांत चौकशी केली तर पत्ता मिळतो. आम्ही सगळे त्यांना मेस्त, म्हणजे कारागीर, म्हणतो. त्यांचे वडील नाटकांसाठी लागणाऱ्या पायपेट्या आणि चर्चमधले जुने ऑर्गन दुरुस्त करीत असत. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांनी 1918 मध्ये बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढली तेव्हापासूनचा, किंबहुना त्याच्याही आधीपासूनचा, संगीत नाटकाचा नाद या परिसरात टिकून आहे आणि जत्रेतल्या नाटकाला आजही ऑर्गन लागतो. पायपेटीचा सगळा डौल तिच्या मोठ्या भात्यात असतो. मेस्तांची नजर तिथे तयार झालेली आहे आणि हातपेटी समोर आली तरी ती नजर आधी भात्याकडेच जाते. माझ्या मते त्यांच्या कामाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य हेच आहे.

पेटी समोर ठेवली तेव्हा ते म्हणाले, "आधी वाजवून दाखवा बुवा, पेच मागाहून काढू." मी थोडा वेळ भूप राग वाजवला. त्यानंतर त्यांनी हवेची वाट उघड-बंद करणाऱ्या समोरच्या सर्व खुंट्या बंद केल्या, भाता पूर्ण भरला, हात काढून घेतला आणि आतला भाता किती वेळ भरलेला राहतो ते पाहिले. मग खुंट्या उघडून, एकही पट्टी न दाबता, तेच पुन्हा केले. खुंट्या बंद असताना हवा गळली तर दोष भात्यात किंवा त्याच्या सांध्यांत असतो. बंद असताना टिकून उघडल्यावर गळली तर पट्ट्यांखालची चामड्याची गादी भोकांवर नीट बसत नाही असे समजायचे. माझ्या पेटीची हवा पहिल्या खेपेलाच सुटत होती आणि दुसऱ्या खेपेला आणखी वेगाने गेली, म्हणजे दोन्ही ठिकाणी काम होते. हे निदान पेटी उघडण्यापूर्वीच झाले आणि उघडल्यावर ते तंतोतंत खरे निघाले. याआधी एका दुकानात पेटी दाखवली होती, तिथे भात्याला कुणी हातही लावला नव्हता आणि सगळे रीड बदलून नवे बसवा, एवढाच सल्ला मिळाला होता.

भात्याला इतके महत्त्व का, हे पेटी न वाजवणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, निघत नाही, हा तिच्यावरचा जुना आणि खरा आक्षेप आहे. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला दूर केले आणि ती बंदी सुमारे तीन दशके टिकली, त्यामागच्या आक्षेपांत हा एक प्रमुख होता. दोन स्वरांच्या मधली जागा पेटीला नाही, हे कुणीही नाकारू शकत नाही. पण त्या जागेचा भास मात्र निर्माण करता येतो आणि तो बोटांपेक्षा भात्यावर अधिक अवलंबून असतो. पहिली पट्टी सुटण्याआधी दुसरी किंचित दाबायची, त्याच क्षणी हवेचा दाब उतरवायचा आणि दुसरा स्वर पुरता उभा राहिला की दाब पुन्हा चढवायचा, एवढे साधले तर ऐकणाऱ्याला स्वर सरकल्यासारखा वाटतो. बोरीचे पंडित तुळशीदास बोरकर, ज्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची पेटी ऐकताना माझे लक्ष नेहमी त्यांच्या डाव्या हाताकडे जाते. उजव्या हाताची तयारी पुष्कळांकडे असते. एकाच स्वरावर थांबून तो आधी दुरून आणि मग जवळून ऐकू यावा अशी किमया पी. मधुकरांच्या या शिष्याकडे होती आणि आमच्याच तालुक्यातल्या माणसाने ती करून दाखवली याचा मला मनापासून अभिमान आहे.

आता गळक्या भात्यावर हे काही करता येत नाही. डावा हात नुसता हवा पुरवण्यात गुंतून पडतो. ओळ मध्येच तुटेल या धास्तीने न्यासाचा, म्हणजे ओळ जिथे विसावते तो, स्वर लवकर सोडला जातो, लांब आलाप मनात आला तरी बोटे त्याच्या वाटेला जात नाहीत आणि हळूहळू मनातही येईनासा होतो. अलीकडच्या माझ्या चाली आखूड तुकड्यांच्या होत चालल्या होत्या, अंतऱ्यात वर जाऊन तिथे रेंगाळणे जवळजवळ थांबले होते आणि त्याचे कारण मला या पडवीत सापडले. सुचणे ही मनाची गोष्ट आहे असे आपण मानतो आणि ते खरेही आहे, पण वाद्यावर सुचणाऱ्या माणसाचे मन बऱ्याच अंशी त्या वाद्याच्या दमावर चालते, असे मला आता ठामपणे वाटते.

मेस्तांनी भात्याच्या कोपऱ्यांवरचे कडक झालेले चामडे काढून पातळ, मऊ चामडे चढवले, पट्ट्यांखालच्या गाद्या बदलल्या आणि कमानींचा ताण सर्व पट्ट्यांना सारखा लागेल असा केला. जोडकामाला त्यांनी सरसच वापरला. बाजारातला रासायनिक गोंद पावसात अधिक टिकतो हे ते मान्य करतात, परंतु पुढे कधी भाता उघडायची वेळ आली तर सरस ऊब आणि ओल देऊन सोडवता येतो आणि चामडे-लाकूड फाटत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. पुढच्या कारागिराचाही विचार करून केलेले काम क्वचित पाहायला मिळते.

रीडच्या बाबतीत त्यांनी जुने ठेवण्याचा निर्णय घेतला. तडा गेलेले तेवढे काढून त्या जागी पालिताण्याचे रीड बसवले आणि बाकीचे स्वच्छ केले. नवा रीड जुन्यांच्या पंक्तीत बसवताना आवाजाची जात जुळावी लागते. त्यासाठी त्यांनी आपल्या डब्यातले पुष्कळ रीड एकेक करून वाजवून पाहिले. मग सूर मिळवण्याचे काम सुरू झाले आणि ते मी शेजारी बसून पाहिले. रीडच्या जिभेखाली पोलादाची पातळ पात सरकवायची आणि टोकदार हत्याराने जिभेवर अगदी हलका ओरखडा काढायचा. टोकाजवळ खरवडले तर जीभ तिथे हलकी होते आणि स्वर चढतो. मुळाजवळ खरवडले तर ती लवचीक होते आणि स्वर उतरतो. दर खेपेला निघणारा पितळेचा भुगा चिमटीत धरता येणार नाही इतका कमी असतो. प्रत्येक ओरखड्यानंतर रीड जागेवर बसवायचा, भाता भरायचा, तानपुऱ्याशी ताडून पाहायचा, पुन्हा काढायचा. हे काम घाईने करताच येत नाही, कारण जास्त खरवडलेले पितळ परत येत नाही.

ते यंत्रावर फक्त षड्ज तपासतात, बाकी सगळे कानाने. इथे त्यांनी मला जो प्रश्न विचारला तो मला फार महत्त्वाचा वाटतो : पेटी कोणासाठी लावायची आहे? आजच्या बहुतेक पेट्या समान अंतरांच्या सप्तकात लावलेल्या असतात, म्हणजे सप्तकाचे 1,200 सेंट (स्वरांतर मोजण्याचे माप) धरले तर प्रत्येक पट्टी पुढच्या पट्टीपासून 100 सेंटवर असते. कोणत्याही पट्टीला षड्ज मानून वाजवता यावे यासाठी ती सोय आहे. पण तानपुऱ्याची खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून जो गांधार आपोआप उमटतो, तो षड्जापासून सुमारे 386 सेंटवर असतो, तर पेटीचा गांधार 400 वर. शुद्ध धैवतही असाच सुमारे 16 सेंट वर बसतो. आकडे लहान दिसतात, परंतु तानपुरा चालू असताना या फरकाची खरखर सतत कानाला जाणवते. तानपुऱ्यातल्या गांधाराला जुळवून पेटी लावणे, ज्याला पेटीवाले गांधार ट्यूनिंग म्हणतात, हा त्यावरचा उपाय आहे. त्याची किंमतही आहे : पेटी एका षड्जाशी बांधली जाते आणि दुसऱ्या पट्टीत तीच पेटी बेसूर लागते. डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, पेटी तयार केली आहे. मी साधी पेटी काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, बांधून घेतली, कारण मी स्वतः त्या पट्टीत गातो आणि साथीला जाण्यासाठी माझ्याकडे दुसरी पेटी आहे. एकच पेटी असलेल्यांनी हा निर्णय घेऊ नये, असे मेस्तांनी स्वतःहून बजावले.

परिणाम सांगायचा तर भूपाचेच उदाहरण घेतो. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, गांधार वादी (सर्वांत महत्त्वाचा स्वर) आणि धैवत संवादी (त्याखालोखालचा), म्हणजे समान अंतरांच्या पेटीत जे दोन स्वर सर्वांत जास्त खटकतात त्यांवरच हा राग उभा आहे. पेटी घरी आल्यावर मी तानपुरा लावून गांधारावर थांबलो आणि तो तानपुऱ्यात पूर्ण विरघळून गेला. पेटीचा गांधार कुठे संपतो आणि तारेचा कुठे सुरू होतो ते कळेना. एका अभंगासाठी मी चाल शोधत होतो आणि आजवरचे सगळे प्रयत्न षड्ज-पंचमाभोवती फिरून थांबत होते. आता ध्रुवपदाची पहिली ओळ गांधारावरच सुरू होते, तिथेच रुंजी घालते आणि सम आल्यावरही षड्जाकडे यायची घाई करत नाही. अंतऱ्यात धैवतावर दीर्घ थांबा आहे. ही चाल माझ्या जुन्या अवस्थेतल्या पेटीवर सुचली नसती, कारण तिथे थांबावेसेच वाटत नव्हते.

भात्याविषयी विचार करताना मला घुमट या मडक्याच्या चर्मवाद्याची आठवण होते. 2019 मध्ये घुमट गोव्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर झाले आणि घोरपडीच्या कातड्याऐवजी बकऱ्याचे कातडे चढवण्याची पद्धत आता रुळली आहे. चतुर्थीत आरतीला बसलेला चांगला घुमटकार पाहावा : उजवा हात कातड्यावर बोल काढत असतो आणि डावा तळवा मडक्याचे मागचे तोंड झाकत-उघडत त्या बोलाला घुमारा देत असतो. लहानपणापासून आरत्यांतून आणि सुवारीतून, म्हणजे घुमटांच्या सामूहिक वादनातून, हे ऐकत आल्यामुळे असेल, पण माझ्या चालींतली लय नेहमी या डाव्या हाताच्या घुमाऱ्यातून येते. मेस्तही तरुणपणी घुमट वाजवीत असत आणि पेटीचा भाता तपासताना त्यांचा तळवा तसाच फिरतो.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. कबूल केलेल्या मुदतीपेक्षा काम बरेच लांबले आणि मध्ये फोन केला तरी नेमकी तारीख मिळत नव्हती. पावती मिळत नाही. बाहेरच्या लाकडाला त्यांनी पॉलिश केले नाही, ते काम दुसरीकडून करून घ्यावे लागले. स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून षड्ज बदलता येणाऱ्या, पेट्या ते घेतच नाहीत. त्यांतल्या सरकत्या यंत्रणेचा त्यांना मनापासून कंटाळा आहे आणि ज्यांच्याकडे तशी पेटी आहे त्यांना हे गैरसोयीचे आहे. मुसळधार पावसाच्या दिवसांत माझ्या तार सप्तकातली एक काळी पट्टी अजूनही किंचित अडखळते. उन्हे पडली की ती मोकळी होते. एकूण साडेसहा हजार रुपये झाले, त्यात भाता, गाद्या, रीड आणि सूर मिळवणे हे सगळे आले. झालेल्या कामाच्या मानाने मला ही रक्कम रास्त वाटते.

पेटी न्यायची असेल तर श्रावण-भाद्रपद टाळावेत. सप्ताह आणि चतुर्थीच्या आधी सगळ्या मंडळांच्या पेट्या तिथे येऊन पडतात आणि ओल्या हवेत मिळवलेला सूर कोरड्या हवेत थोडा हलतो, असे मेस्तच सांगतात. दिवाळी झाल्यावर हवा कोरडी झाली की जावे, सोबत आपला तानपुरा किंवा तानपुऱ्याचे यंत्र न्यावे आणि आपली पट्टी कोणती, गळा कोणाचा, हे घरूनच ठरवून निघावे.