आडोशाला आयव्ही की हॉप्स?

म्युनिकजवळ भाड्याचं घर, मागे चटईएवढी बाग, आणि शेजाऱ्यांची गच्ची थेट आमच्या चहाच्या कपात डोकावणारी. थुजाची, म्हणजे मोरपंखीसारख्या झाडांची, कापीव भिंत मला आवडत नाही, त्यामुळे प्रश्न दोन वेलींचाच होता. चार वर्षं आयव्ही सांभाळली, आता तीन वर्षं हॉप्स आहे, म्हणजे जिची बोंडं बिअरमध्ये घालतात ती वेल.

वरवर पाहता आयव्हीच सरस. बारमाही हिरवी, सावलीतही खूश, एकदा रुजली की पाणीसुद्धा मागत नाही. आमची तर आधीच्या भाडेकरूंनी लावलेली, चांगली जुनी. सप्टेंबरात फुलली की मधमाश्यांचा नुसता गुंजारव. ज्यांना जानेवारीतही आडोसा हवा, त्यांनी खरं तर पुढे वाचायची गरज नाही.

माझं बिनसलं ते भिंतीवरून. जाळीवरची आयव्ही कधी गॅरेजच्या भिंतीवर सरकली ते कळलंच नाही. ओढून काढली, तर वेल हातात आली आणि मुळं भिंतीवरच राहिली. गोमेचे पाय चिकटून बसावेत तशी तपकिरी, ओळीने. गरम पाणी झालं, तारेचा ब्रश झाला. मुळांआधी रंगच निघाला. घर सोडताना अनामतीतून रंगकामाचे पैसे कापणार, असं घरमालकीणबाईंनी तेव्हाच सांगून ठेवलं. वेल आम्ही लावलेली नव्हती, पण ते कोण ऐकणार!

हॉप्स भिंतीला चिकटत नाही, दोरीला वेटोळे घालते. तेही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच. मी पहिल्या वर्षी घेवड्याच्या सवयीने उलटी गुंडाळली, तर दोन दिवसांत शेंडे सुटून लोंबायला लागले. हालरटाऊ या बव्हेरियातल्या हॉप्सच्या पट्ट्यात, शेतांत ती सात मीटर उंच तारांवर चढते, म्हणजे आपली दोन मीटरची जाळी तिला काहीच नाही. जूनमध्ये कधीकधी दिवसात वीतभर वाढते. शेंडे आडवे वळवत राहावे लागतात. ते करताना फुल बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर मांजराने बोचकारल्यासारखे हात होतात. हळदीसारखी जमिनीखालून पसरते, म्हणून वसंतात नको ते कोंब खुडायचे. (परतून छान लागतात.) रोप मादीच घ्या, बोंडं तिलाच येतात. घरात कुत्रा असेल तर मात्र नकोच. गळलेली बोंडं खाल्ली तर त्याला जीवघेणा ताप चढू शकतो.

हिवाळ्यात ती जमिनीपर्यंत वाळते आणि जाळी उघडी पडते, हे खरं. पण नोव्हेंबर ते एप्रिल बागेत बसतं कोण? शेजारीही गच्चीवर नसतात. निदान आमच्याकडे तरी या उघड्या जाळीचा त्रास झालेला नाही.

दोरी काथ्याची बांधा. नायलॉनची असली तर वाळलेली वेल सोडवत बसावं लागतं. काथ्या वेलीसकट कापून थेट कंपोस्टमध्ये जातो.