डोळस दानाचे धडे देणाऱ्यांनीच आम्हाला लुटले

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आमच्या सोसायटीच्या सभागृहात स्वयंसेवी संस्थांविषयी जनजागृती करणारे एक व्याख्यान झाले. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी 32,000 रुपये आणि माझ्या शब्दाखातर चौदा शेजाऱ्यांनी 1,06,500 रुपये, म्हणजे एकूण 1,38,500 रुपये अस्तित्वातच नसलेल्या एका संस्थेला दिले. सोसायटीचा सचिव मी आहे आणि सभागृह मीच उघडून दिले होते.

आजारी बाळाचा फोटो आणि उद्याच्या शस्त्रक्रियेची घाई हे प्रकार आता सर्वांना ठाऊक आहेत. येथे तसे काहीच नव्हते. आलेल्या दोघांनी तासभर अचूक माहिती दिली : महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास 1950 च्या कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, 80जीची म्हणजे देणगीवरची आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही आणि आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत संस्थेने देणगीचे 10बीई प्रमाणपत्र द्यायचे असते. यातला एकही शब्द खोटा नव्हता. खोटी संस्था कशी ओळखावी हेही त्यांनीच सांगितले, त्यामुळे त्यांनाच त्या कसोट्या लावून पाहण्याचे कोणालाही सुचले नाही. व्याख्यान संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत त्या दोघांपैकीच एकाने तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडून 5,000 रुपये रोख घेतले, आणि आम्ही कौतुकाने पाहत राहिलो.

कर्णबधिर मुलांच्या श्रवणयंत्रांसाठी म्हणून मी प्रथम 21,000 रुपये दिले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेऐवजी एका व्यक्तीचे नाव आले. मी विचारले, तेव्हा ‘ते आमच्या खजिनदारांचे खाते आहे, संस्थेच्या खात्याचे केवायसी अडकले आहे’ असे उत्तर मिळाले आणि मी पिन टाकला. येथेच थांबायला हवे होते. त्याहून लाजिरवाणी गोष्ट पावतीची. तिच्यावरचा पॅन मी सोसायटीच्या वहीत स्वतः उतरवून घेतला; त्याचे चौथे अक्षर ‘पी’ आहे. मी एकतीस वर्षे बँकेत काढली. चौथे अक्षर ‘पी’ म्हणजे व्यक्ती आणि ‘टी’ म्हणजे न्यास, हे मी नव्याने रुजू झालेल्या मुलांना शिकवीत असे. तो ‘पी’ माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत, आजही त्या वहीत आहे. त्यानंतर दोन आठवड्यांनी मी आणखी 11,000 रुपये पाठवले. समर्थन म्हणून नव्हे, पण नोकरीत मी अनोळखी ग्राहकांचे कागद तपासत होतो. हे लोक माझे पाहुणे होते, माझ्या घरी चहा पिऊन गेले होते.

जून उजाडला तरी 10बीई आले नाही. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहता येते आणि ती पाहायला दोन मिनिटे लागतात. मला ती चार महिन्यांनी सुचली. त्या यादीत हे नाव नव्हते. पावतीवरचा दर्पण क्रमांक (दर्पण म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीचे सरकारी संकेतस्थळ) तर दुसऱ्याच एका संस्थेचा निघाला. (तसेही दर्पणवर नाव असणे म्हणजे सरकारने हमी दिली असे नव्हे.)

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘पैसे तुम्ही स्वखुशीनेच दिलेत ना?’ दुसऱ्या दिवशी ‘साहेब बंदोबस्तात आहेत’, तिसऱ्या दिवशी ‘चौदा जणांचे चौदा वेगळे अर्ज आणा’, आणि अर्ज नेल्यावर ‘एकच एकत्रित अर्ज द्या’. बँकेने कळवले की व्यवहार माझ्याच पिनने झाल्यामुळे तिची जबाबदारी नाही. नोंदणीच्या सरकारी कार्यालयात तर कहर झाला : संस्था नोंदलेली नसल्यामुळे तिच्याविरुद्धची तक्रार आमच्या अखत्यारीत येत नाही, असे मला शांतपणे ऐकवण्यात आले. म्हणजे नोंदणी करून फसवणाऱ्याची चौकशी होईल आणि नोंदणीच न करणारा मोकळा! सहा खेपा, चार टेबले आणि हाती फक्त पोच. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा; माझ्यासारखे चार महिन्यांनी केलात तर खात्यात गोठवण्यासारखे काही उरलेले नसते.

खजिनदाराचे, अध्यक्षाचे किंवा कोणाचेही वैयक्तिक खाते पुढे आले की फोन खिशात घाला. नोंदणी क्रमांक पावतीवरून वाचू नका, सरकारी नोंदीत शोधा, आणि तो सापडला तर त्याच संस्थेच्या कार्यालयात फोन करून माणूस त्यांचा आहे का ते विचारा.

गेल्या महिन्यात एका संस्थेची कार्यकर्ती आमच्या इमारतीत आली होती. मी तिला दारातच उभे करून सगळे कागद तपासले. पॅनचे चौथे अक्षर ‘टी’ होते, यादीत नाव होते, खाते संस्थेचेच होते. तरीही मी तिला एक रुपयाही दिला नाही, आणि बाकीच्या चौदा घरांनी तर दारच उघडले नाही.