नववीच्या सुट्टीतला इंजिनिअरिंग कोर्स : सात महिन्यांनंतर लिहितेय

मे महिन्यात लेकीला तीन आठवड्यांच्या उन्हाळी इंजिनिअरिंग कोर्सला घातलं होतं. नागपूरजवळचं एक खाजगी कॉलेज, वेळ सकाळी आठ ते बारा, फी साडेचार हजार, बस आमच्या मानेवाडा चौकातून. कोर्स संपल्या संपल्या सगळंच छान वाटतं, म्हणून तेव्हा मुद्दाम काही लिहिलं नाही. आता डिसेंबर आहे, लेक दहावीत आहे. काय टिकलं आणि काय विरून गेलं ते आता नीट दिसतं.

घरून पहिला विरोध उन्हाचा. "एवढ्या उन्हात पोरीले कायले पाठवतं वो?" असं सासूबाई रोज म्हणायच्या, आणि पारा ४४ वर असताना त्यांचं चुकतही नव्हतं. पण नवतपा (मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत कोर्स संपणार होता, आणि आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. एवढी सुट्टी मोबाइलवर जाणार, हे दिसत होतं.

सगळ्यात जास्त काही शिकवलं असेल तर ते काँक्रीटच्या ठोकळ्यांनी. पहिल्याच दिवशी मुलांनी हातांनी काँक्रीट कालवून १५० मिलिमीटरच्या लोखंडी साच्यांत भरलं. दुसऱ्या दिवशी साचे सोडवून ठोकळे पाण्याच्या हौदात टाकले. पक्की ताकद २८ दिवसांनी मोजतात, पण कोर्सच २१ दिवसांचा, म्हणून चौदाव्या दिवशी दाब देणाऱ्या यंत्रात फोडले. त्या दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. यंत्राचा काटा चढत जातो, बराच वेळ काहीच होत नाही. मग कोपऱ्यातून कपची उडते आणि काटा एकदम मागे पडतो. लेकीच्या गटाचा ठोकळा सगळ्यांच्या आधी फुटला. तिचा चेहरा उतरला. सर रागावले नाहीत, फक्त विचारलं, "पाणी किती घातलं होतं?" कालवायला सोपं जावं म्हणून दोन मग जास्त घातलं होतं. जास्तीचं पाणी सिमेंटच्या कामी येत नाही, ते पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, हे सरांनी तो फुटलेला तुकडाच हातात देऊन सांगितलं.

दिवाळीनंतर माझ्या भावाच्या घराचा स्लॅब होता. माल घट्ट झाला म्हणून मिस्त्रीकाकांनी पाइप सोडला, तशी ही पुढे झाली. "काका, थांबा ना, पाण्याने ताकद जाते." आधी त्यांनी लक्ष दिलं नाही. तिने ठोकळ्याची सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी पाइप बंद करायला लावला. पुस्तकातून ती हे कधीच बोलली नसती.

आता खटकलेलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका किटवर चार मुलं होती. तिच्या गटात दोन मुलं, दोन मुली. आठवडाभर वायरिंग, सोल्डरिंग (तारा डाग देऊन जोडणं) आणि प्रोग्रॅमिंग मुलांनी केलं. मुलींकडे चार्ट, वही आणि शेवटच्या दिवशीचं भाषण. कुणी ठरवून केलं नव्हतं, आपसूक तसं झालं, आणि शिकवणाऱ्यांपैकी कुणाच्या नजरेला ते आलं नाही. लेक घरी आली की मी विचारायची, "आज सोल्डरिंग केलंस का?" तीन दिवस "नाही" ऐकल्यावर मी कॉलेजात जाऊन बोलले. ऑफिसातून उत्तर मिळालं, "मॅडम, मुलीच म्हणतात आम्ही लिहितो." मला फार वाईट वाटलं. शेवटी लॅबमधल्या एका दादांनी पाळी लावून दिली, प्रत्येकाने वीस मिनिटं हातात घ्यायचं. त्याच दिवशी तिचा पहिला एलईडी लागला. आधी उलटा लावला होता. लांब पाय प्लसला, हे तेव्हा कळलं आणि आता ती झोपेतही विसरणार नाही. म्हणून चौकशीला जाल तेव्हा रोबोटचे फोटो बघू नका. एका किटवर किती मुलं, आणि प्रत्येकाच्या हातात ते किती वेळ असतं, एवढं विचारा.

शेवटचे दोन दिवस कॉलेजची जाहिरातच झाली, ते वगळलं तरी चालेल. पण त्यातला एक तास कामाचा होता. आमच्या डोक्यात अकरावी-बारावी आणि सीईटी एवढाच रस्ता होता. दहावीनंतर तीन वर्षांचं पॉलिटेक्निक करून डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे तिथे नीट समजलं. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस गटातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरच्या मुलींना २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे, हेही. ज्यांना लागू आहे त्यांनी मुलीच्या शिक्षणाचा निर्णय घेण्याआधी ही चौकशी जरूर करा.

किट परत द्यावं लागलं. मग बर्डीच्या बाजारातून आर्डुइनो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि बझर आणून तिने घरच्या कुलरला अलार्म बसवला. टाकीतलं पाणी संपलं की पंप कोरडा चालून जळतो. आमचे दोन पंप असेच गेले होते. टाकीच्या तळाशी दोन तांब्याच्या तारा. पाण्यात असेपर्यंत त्यांतून प्रवाह जातो, पाणी उतरलं की तो तुटतो आणि बझर वाजतो. सगळं बॅटरीवर, आणि टाकीत हात घालण्याआधी कुलरचा प्लग काढायचा, हा तिच्या बाबांचा नियम. दहा दिवस मस्त चाललं, मग बंद पडलं. तारा हिरव्या पडून खराब झाल्या होत्या. दोन दिवस शोधल्यावर तिच्या लक्षात आलं, प्रवाह सतत चालू असल्याने तारा झिजतात. मग तिने प्रोग्रॅम बदलला : दहा मिनिटांनी एकदाच क्षणभर प्रवाह सोडायचा, पाणी तपासायचं आणि बंद. पाऊस लागेपर्यंत तो अलार्म चालला.

कुलर आता गच्चीवर झाकून ठेवलाय. तांब्याऐवजी स्टीलच्या पट्ट्या लावून बघायच्या म्हणून तिने जुन्या डब्याचं झाकण कपाटात वेगळं ठेवलंय. दहावीचा शेवटचा पेपर झाला की ते बाहेर निघेल.