युरोपात एअरपोर्ट ते स्टेशन ते हॉटेल : बरेच महिने वापरून झाल्यावर

कामानिमित्त फ्रँकफर्टला राहायला येऊन आता बरेच महिने झालेत. मध्ये आई-बाबा आणि मावशी पहिल्यांदाच युरोपला आले, त्यांना घेऊन पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली असं फिरून झालं, आणि त्याच्या आधी-नंतर वीकेंडला मी एकटी पाठीवर सॅक टाकून फिरले ते वेगळंच. त्यामुळे विमानतळावरून गावात, गावातून स्टेशनवर, स्टेशनवरून हॉटेलवर ही जी मधली ये-जा असते ती हलक्या सामानानेही करून बघितली आणि साठीच्या पुढच्या तीन माणसांबरोबर मोठमोठ्या बॅगा घेऊनही. ओळखीचे लोक फोन करतात तेव्हा विचारतात, आयफेलचं तिकीट किती आधी काढू, स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउचा डोंगर बरा की टिटलिसचा, पण ह्या मधल्या प्रवासाबद्दल कोणी काही विचारत नाही. आणि पहिल्या ट्रिपला माणूस सगळ्यात जास्त दमतो तो तिथेच, हे माझं मत आता पक्कं झालंय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. हॉटेल बुक करताना स्टार, नाश्ता, रूमचे फोटो हे सगळं नंतर, आधी स्टेशन बघा. बुकिंग साइटवर 'शहराच्या मध्यापासून दीड किलोमीटर' असं लिहिलेलं असतं त्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. एअरपोर्टवरून येणारी गाडी नेमकी कुठे थांबते, तिथून हॉटेलपर्यंत गाडी बदलावी लागते का, त्या स्टेशनला लिफ्ट आहे का आणि शेवटचा चालायचा तुकडा कसा आहे, हे चार प्रश्न. शेवटचा तुकडा तर गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर बसल्या जागी बघता येतो. जुन्या गावात दगडी फरसबंदीचे रस्ते असतात, फोटोत फार सुंदर दिसतात, पण तेवीस किलोची ट्रॉली बॅग त्यावरून ओढायची म्हणजे चाकं जागोजाग अडकतात आणि सातशे मीटरला वीस मिनिटं लागतात. हॉटेलमध्ये लिफ्ट आहे का हेही विचारून घ्या, कारण अ‍ॅमस्टरडॅम आणि पॅरिसच्या जुन्या इमारतींत बऱ्याचदा नसते, आणि असली तर एक माणूस आणि एक बॅग एवढीच मावते.

आता 'स्टेशनजवळ' म्हणजे डोळे झाकून स्टेशनला चिकटून घ्या असंही नाही. फ्रँकफर्टचंच सांगते, मुख्य स्टेशनसमोरची वस्ती अमली पदार्थांच्या व्यसनींसाठी गेली कित्येक वर्षं प्रसिद्ध आहे. कोणी वाटेला जात नाही, पण रात्री अकरा वाजता आई-बाबांना तिथून चालवत न्यावं असं मला वाटत नाही. त्यापेक्षा लोकलने एक-दोन स्टॉप पुढे राहिलं की तेवढ्याच पैशात शांत भाग मिळतो.

पॅरिसबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण आपल्याकडचे बहुतेक लोक पहिल्यांदा तिथेच उतरतात. शार्ल द गोल विमानतळावरून शहरात यायला आरईआर बी ही गाडी आहे, गार द्यु नॉर ह्या मोठ्या स्टेशनला साधारण अर्ध्या तासात आणते, तिथून पुढे शहराच्या मध्यावरच्या शात्ले स्टेशनला जाते. २०२५ पासून एअरपोर्टचं वेगळं एकच तिकीट केलंय, त्या वर्षी ते १३ युरो होतं, आणि शहरातलं साधं मेट्रो तिकीट एअरपोर्टला चालत नाही हे नीट लक्षात ठेवा, बाहेर पडताना गेट उघडत नाही आणि तिथे तपासनीस उभे असतात. एकटीने जाताना मी कायम हीच गाडी घेते. पण चार जण असाल तर हिशोब करा, २०२५ च्या दराने चार गुणिले तेरा म्हणजे ५२ युरो, आणि अधिकृत टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं, त्या वर्षी सेन नदीच्या उत्तरेकडे ५६ आणि दक्षिणेकडे ६५ होतं, मग ट्रॅफिक असो नाहीतर नसो. म्हणजे उत्तरेकडे चार युरो जास्त देऊन थेट हॉटेलच्या दारात! ह्यात रात्रीच्या जागरणानंतर जिने नाहीत, गर्दीत पाकीट सांभाळायचं टेन्शन नाही. बाबा आधी म्हणत होते की कशाला टॅक्सी, गाडी आहे ना, पण आकडे दाखवल्यावर तेच पहिले टॅक्सीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. फक्त टर्मिनलच्या बाहेर बोर्ड लावलेली अधिकृत रांग असते तिथूनच घ्यायची, आत हॉलमध्ये जे 'टॅक्सी, टॅक्सी' करत जवळ येतात त्यांच्याबरोबर अजिबात जायचं नाही.

पॅरिसची मेट्रो शहरात फिरायला अप्रतिम आहे, पण ती बॅगांसाठी नाही. जुन्या लाइनींवर लिफ्ट जवळपास नाहीतच, एका ठिकाणी लाइन बदलायची म्हणजे लांबलचक बोगदे आणि मध्ये मध्ये आठ-दहा पायऱ्यांचे जिने, दादरच्या पुलावरून गर्दीच्या वेळी तीन बॅगा घेऊन जाण्यासारखं आहे ते. अपवाद १४ नंबरची लाइन, ती नवीन आहे, सगळीकडे लिफ्ट आहेत आणि जून २०२४ पासून ती थेट ओर्ली विमानतळापर्यंत जाते, त्यामुळे तुमचं विमान ओर्लीला उतरत असेल तर १४ नंबरच्या जवळपास हॉटेल बघा, खरंच सोपं होतं.

आणि पॅरिसला मोठी स्टेशनं एक नाही, बरीच आहेत, कुठल्या देशाला जायचं त्यावर स्टेशन ठरतं. लंडन, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅमला गार द्यु नॉर, फ्रँकफर्टला गार द लेस्ट, स्वित्झर्लंडला गार द लियों. आम्हाला झुरिकला जायचं होतं म्हणून मी मुद्दाम गार द लियोंपासून चालत जाता येईल असं हॉटेल घेतलं, आयफेल लांब पडला तरी चालेल म्हटलं, कारण आयफेलला हात हलवत जायचं असतं आणि स्टेशनला बॅगा घेऊन. त्या स्टेशनात दोन हॉल आहेत, एकात प्लॅटफॉर्मना अक्षरं आणि दुसऱ्यात आकडे, आणि प्लॅटफॉर्म बोर्डावर लागतो तो गाडीच्या आधी वीसेक मिनिटं. तोपर्यंत सगळे वर मान करून उभे असतात आणि नाव लागलं की पळतात. फ्रान्सच्या ह्या वेगवान गाड्यांचे दरवाजे सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, मग कोणी विनवण्या केल्या तरी उघडत नाहीत. त्यामुळे आम्ही अर्धा-पाऊण तास आधी जाऊन दोन्ही हॉल दिसतील असं मधे बसलो होतो.

रोमला तोच टॅक्सीचा हिशोब अजून स्पष्ट आहे. फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी ह्या मुख्य स्टेशनला लेओनार्दो एक्सप्रेस जाते, मध्ये कुठे न थांबता ३२ मिनिटं, माणशी १४ युरो. चौघांचे ५६ झाले. जुन्या तटबंदीच्या आतल्या भागात कुठेही जायचं तर टॅक्सीचं ठरलेलं भाडं ५५ युरो, म्हणजे चौघांना टॅक्सीच स्वस्त. दोघं असाल आणि हॉटेल त्रास्तेवेरे भागात असेल तर एफएल१ नावाची साधी गाडी ८ युरोत नेते, फक्त ती तेर्मिनीला जात नाही. इटलीत अजून एक, मशिनमधून काढलेलं साध्या गाडीचं कागदी तिकीट प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशिनमध्ये घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट असूनही दंड.

व्हेनिसला जाणाऱ्यांनी एवढंच बघा की तिथे दोन स्टेशनं आहेत. मेस्त्रे जमिनीवर, सांता लुचिया पाण्यातल्या बेटावर, मधे गाडीने दहा मिनिटं. बेटावर पियाझ्झाले रोमा ह्या बस-टॅक्सीच्या चौकाच्या पुढे एकही मोटार जात नाही, आणि जवळपास सगळे पूल पायऱ्यांचे. नकाशावर चारशे मीटर दिसणाऱ्या हॉटेलला मध्ये तीन पूल असले तर बॅग प्रत्येक वेळी उचलून चढवायची आणि उतरवायची. आम्ही मेस्त्रे स्टेशनसमोर राहिलो आणि रोज गाडीने गेलो, मावशीच्या गुडघ्यांना तेच मानवलं. तरुण जोडपं असाल, एकेक छोटी बॅग असेल तर मात्र बेटावरच राहा, संध्याकाळी गर्दी ओसरल्यावरचं व्हेनिस सोडू नये.

स्वित्झर्लंडबद्दल तक्रारीला जागाच नाही. विमानतळाच्या खालीच स्टेशन, झुरिकच्या मुख्य स्टेशनला दहा-बारा मिनिटं, लुझर्नला तर विमानतळावरूनच थेट गाडी आहे, तासाभराच्या वर थोडा वेळ. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर ट्रेन, बस, बोट, ट्राम सगळं त्यातच, त्यामुळे तिकीट काढा-टॅप करा हा प्रकारच नाही, म्हाताऱ्या माणसांसाठी हे फार मोठं सुख आहे. फक्त झुरिकचं मुख्य स्टेशन खूप मोठं आहे, तीस आणि चाळीसच्या पुढचे प्लॅटफॉर्म जमिनीखाली आहेत, तेव्हा अ‍ॅपने पाच मिनिटांचं कनेक्शन दाखवलं तरी बॅगा असताना पुढची गाडी धरा. अर्ध्या तासात दुसरी असते. इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत, वेस्ट आणि ओस्ट. डोंगरावर जाणाऱ्या गाड्या ओस्टवरून, हॉटेल घेताना तेवढं बघा.

अ‍ॅमस्टरडॅम सगळ्यात सोपं. स्किपोल विमानतळाच्या हॉलखालीच प्लॅटफॉर्म, सेंट्राल ह्या मुख्य स्टेशनला पंधरा-सतरा मिनिटं, आणि तिकीट न काढता बँकेचं कार्ड टॅप करून जाता येतं. अट एकच, माणशी वेगळं कार्ड हवं आणि उतरल्यावर परत टॅप करायलाच हवं. त्यामुळे निघतानाच प्रत्येकाच्या नावाचं फॉरेक्स कार्ड करून घ्या, एकाच कार्डावर चौघं जाता येत नाहीत.

माझ्या जर्मनीचं चांगलं-वाईट दोन्ही सांगते. फ्रँकफर्ट विमानतळाला दोन स्टेशनं आहेत, एक लांबच्या गाड्यांचं, एक लोकलचं. मुख्य स्टेशनला जायला लोकलच, एस८ किंवा एस९, पंधरा मिनिटांच्या आत. डॉइचलांड-तिकीट मी पहिल्या महिन्यापासून वापरतेय, २०२३ मध्ये सुरू झालं तेव्हा महिन्याला ४९ युरो होतं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ पासून ६३, तरी अख्ख्या देशातल्या लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि साध्या गाड्या त्यात येतात म्हणून मला अजूनही परवडतं. वेगवान आयसीई गाडीत ते चालत नाही, आणि ते महिन्याचं सबस्क्रिप्शन आहे, चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी त्याच्या भानगडीत पडू नका. विनातिकीट दंड ६० युरो, आणि पर्यटक आहे, कळलं नाही, हे कारण चालत नाही.

वाईट म्हणजे वेळ. 'जर्मन गाड्या घड्याळासारख्या' हे आपल्याकडे अजून लोक म्हणतात, पण २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर आल्या त्या साधारण ६२ टक्के, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर त्यात वेळेवरच धरलेला असतो. म्हणून भारतात परत जायचं विमान ज्या दिवशी आहे त्या दिवशी सकाळी म्युनिकहून फ्रँकफर्टला निघायचं असला बेत करूच नका, आदल्या रात्री विमानतळ असलेल्या गावात येऊन झोपा. उशीर झालाच तर हक्क मात्र चांगले आहेत, एक तास उशिराला तिकिटाचे २५ टक्के, दोन तासाला ५० टक्के परत मिळतात, आणि वीस मिनिटांपेक्षा जास्त उशीर होणार असं दिसलं की ठराविक गाडीचं स्वस्त तिकीटही दुसऱ्या गाडीला चालतं. मी हे पैसे नेहमी मागते, मिळतात.

स्वस्त विमानांच्या बाबतीत विमानतळाचं पूर्ण नाव वाचा. पॅरिस-बोवे पॅरिसपासून ८५ किलोमीटर लांब आहे, फ्रँकफर्ट-हान तर १२० किलोमीटर. पंचवीस युरोच्या तिकिटावर बसचे पैसे आणि दोन-तीन तास धरले की स्वस्त काही उरत नाही. व्हिएन्नाला उलट, विमानतळावर हिरव्या रंगाच्या खास एक्सप्रेसच्या जाहिराती सगळीकडे दिसतात, पण साधी एस७ लोकल आणि मुख्य स्टेशनला जाणारी रेलजेट गाडी निम्म्याहून कमी पैशात नेतात, वेळेतही फार फरक नाही.

प्रायव्हेट पिकअप आधीच बुक करावा का, हे सगळे विचारतात. आई-बाबांसाठी मी एका ठिकाणी केला होता, पासपोर्टच्या रांगेत त्यांना दीड तास लागला आणि ड्रायव्हरने वेटिंगचे वेगळे पैसे लावले. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू झालीय, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्यांना रांगेत वेळ लागू शकतो, म्हणून पिकअप करायचाच तर विमान उतरल्यानंतर निदान दीड-दोन तासांचा, आणि थांबायचे पैसे कधीपासून लागतात ते वाचून. नाहीतर अधिकृत टॅक्सीची रांग पुरते.

मुंबईहून रात्री निघणारी बरीचशी विमानं इकडे सकाळी पोचतात आणि हॉटेलची रूम मिळते दुपारी दोन-तीनला. बॅगा रिसेप्शनवर ठेवून घेतात, बहुतेक ठिकाणी फुकट, आधी एक ईमेल टाकून ठेवा. एका हँडबॅगेत कपड्यांचा जोड, औषधं, थोडे ठेपले किंवा चिवडा वरच ठेवा म्हणजे मोठी बॅग तिथे उघडायला नको. आणि शक्य असेल तर माणशी एक मोठी बॅग न्यायचीच नाही, दोघांत एक मोठी आणि प्रत्येकाची एक केबिन बॅग. आईने एवढं केलं होतं आणि त्या एका गोष्टीमुळे प्रत्येक गाडीत आम्ही सामान चढवून जागेवर बसलेले असायचो.

परतीच्या दिवशी खरेदीवरचा टॅक्स परत घ्यायचा असेल तर ती वस्तू कस्टमला दाखवावी लागू शकते, म्हणजे बॅग चेक-इन करायच्या आधी तिथे जायचं, आणि युरोपियन युनियनमधल्या शेवटच्या विमानतळावर. त्यासाठी वेगळा एक तास धरा, विमानाच्या चार तास आधी पोचलात तर आरामात होतं. टर्मिनल कुठलं ते आदल्या रात्री बघून ठेवा, शार्ल द गोलला आरईआरची दोन स्टेशनं आहेत, टर्मिनल १ आणि ३ साठी एक, टर्मिनल २ साठी दुसरं. चुकीच्या ठिकाणी उतरलात तरी टर्मिनलच्या मधली छोटी ट्रेन फुकट आहे.